फिरंग्यांच्या जुन्या शहरांत, घरच्या मंडळींना घेऊन

सुट्टीत कुठे जायचे, या घरोघरच्या चर्चेत अलीकडे नव्या प्रकारच्या ठिकाणांची भर पडली आहे. पणजीचा फोंताईन्हास, पुदुच्चेरीच्या पिवळ्या भिंती, फोर्ट कोचीची चिनी जाळी यांची छायाचित्रे मोबाइलवर सतत दिसतात आणि मुले ‘यंदा इथेच जाऊ’ म्हणून हट्ट धरतात. गडकिल्ले, अष्टविनायक आणि समुद्रकिनारा यांच्या जोडीला युरोपियनांनी वसवलेली जुनी शहरे मराठी घरांच्या यादीत आली, हे चांगलेच झाले. पण जाऊन आलेल्यांशी बोलले की एक तक्रार हमखास ऐकू येते : दोन तासांत सगळे बघून झाले, मग करायचे काय? आजी-आजोबांना परक्या घरांच्या बंद दारांसमोर उभे राहण्यात रस वाटत नाही आणि तिसऱ्या चर्चनंतर मुले कंटाळतात.

तक्रार खरी आहे आणि तिचे मूळ सहलीच्या आखणीत आहे. आपण या शहरांचा फक्त दर्शनी भाग पाहतो. सत्ता ज्यांची होती त्यांचे रस्ते, त्यांची चर्चे, त्यांचे वाडे पाहून परततो. ते शहर उभे राहताना ज्यांची देवळे हलली, ज्यांच्या हातांनी बांधकाम झाले, ज्यांनी त्या सत्तेशी झुंज घेतली किंवा तिच्या पदरी कारभार केला, त्यांच्या जागा बहुधा नदीपलीकडे, कालव्यापलीकडे नाहीतर तास-दोन तासांच्या अंतरावर असतात. त्यातली एखादी जरी आखणीत धरली तरी सहलीचा सूर बदलतो. मराठी कुटुंबाला तर या दुसऱ्या बाजूला ओळखीचा धागा जवळजवळ हमखास सापडतो. म्हणून इथे या शहरांचा आढावा त्याच अंगाने घेतला आहे.

जुने युरोपियन बांधकाम दिसले की ‘इंग्रजांच्या काळातले’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात कुटुंबाने चालत हिंडावे अशी जी गावे आहेत, त्यांतली बरीचशी इंग्रजांची नव्हतीच. गोवा, वसई, रेवदंडा, दमण आणि दीव पोर्तुगिजांचे. कोची आधी पोर्तुगिजांचे, १६६३पासून डचांचे आणि १७९५पासून इंग्रजांचे. पुदुच्चेरी आणि चंदननगर फ्रेंचांचे, तर तरंगंबाडी आणि बंगालमधले श्रीरामपूर डेन्मार्कचे. इंग्रजांनी मुंबई, कोलकाता यांसारखी महानगरे वाढवली आणि महाबळेश्वर, माथेरानसारखी थंड हवेची ठिकाणे वसवली. ती आपल्या माहितीची आहेत, म्हणून इथे सोडून देतो.

सुरुवात गोव्यापासून करायला हवी, कारण गोव्याला आपण सगळे जातो आणि तरीही जुने गोवे नीट पाहत नाही. कळंगुटच्या हॉटेलातून एका दुपारी गाडी करून यायचे, बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीसमोर रांग लावायची, समोरच्या चर्चमध्ये डोकावायचे आणि मंगेशीला दर्शन घेऊन परतायचे, असा ठरलेला फेरा असतो. त्याऐवजी मुक्काम पणजीतच करावा, शक्य तर फोंताईन्हास किंवा मळा भागातल्या एखाद्या जुन्या घरात. या भागात गाडी लागत नाही. सकाळी सातला बाहेर पडले की पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून पोई हा गोव्याचा पाव विकताना दिसतो, कोणी दारातल्या कुंड्यांना पाणी घालत असते, आणि नवाच्या आत गर्दी नसते.

फोंताईन्हास वसला अठराव्या शतकाच्या अखेरीला. मोझांबिकहून पैसा करून परतलेल्या, म्हणून ‘मोस्मीकार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिक्वेरा नावाच्या गोवेकराची इथे माडांची बाग होती. पुढे जुन्या गोव्यातली वस्ती रोगराईने उठून पणजीकडे सरकली, तेव्हा इथे घरे झाली, आणि १८४३मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मुलांना एक गोष्ट जवळून दाखवावी : जुन्या खिडक्यांच्या लाकडी चौकटीत काचेऐवजी बसवलेले शिंपले. चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोन कापून ते पट्ट्यांत सरकवलेले असतात. आत येणारा उजेड दुधाळ होतो आणि उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत नाही. काच महाग होती आणि मांडवीत, झुआरीत शिंपल्या मुबलक होत्या. खिडकी युरोपियन घाटाची, पण तिच्यातला माल आणि हात इथलेच, हे मुलांना न सांगता कळते. सेंट सेबॅस्तियनच्या छोट्या चॅपेलमधला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातून आलेला आहे. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, आणि मोठ्या मुलांना त्यासमोर इन्क्विझिशन म्हणजे काय हे सांगता येते. १५६० ते १८१२, मधली काही वर्षे वगळता, हे धर्मन्यायालय गोव्यात चालू होते.

जुन्या गोव्यासाठी दुसरी सकाळ राखावी. पणजीहून दहाएक किलोमीटरचे अंतर आहे, कदंब परिवहनच्या बस सतत असतात. रविवार टाळावा. ही चर्चे चालती आहेत आणि प्रार्थनेच्या वेळी आपण मध्ये फिरणे बरे दिसत नाही. बासिलिकेचे बांधकाम १५९४मध्ये सुरू झाले आणि १६०५मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. बाहेरून ती लालसर दिसते, कारण तिचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्याला काढून टाकला गेला आणि आतला जांभा उघडा पडला. कोकणातल्या आजोबांना हा दगड घरचाच. पावसात उघडा जांभा झिजतो हेही त्यांना ठाऊक असते, आणि इथला गिलावा पुन्हा लावावा का, हा वाद आजही चालू आहे. आत नुकत्याच शेंदलेल्या पाण्यासारखे थंड वाटते. झेवियरची चांदीची पेटी १६३७च्या सुमाराला गोव्याच्या कारागिरांनी घडवली, तर तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून आला आणि १६९८मध्ये बसवला गेला. समोरच्या से कॅथीड्रलला एकच मनोरा का, हे मुलांना आधी ओळखायला लावावे. दुसरा १७७६मध्ये कोसळला. टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा ४६ मीटर उंचीचा एकटा उभा मनोरा आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४मध्ये शिराझला मारली गेली आणि तिच्या अस्थी ऑगस्टीनपंथी पाद्र्यांनी इथे आणल्या होत्या. उत्खननात सापडलेले अवशेष हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून ओळखले गेले आणि २०२१मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला यापेक्षा चांगली गुप्तहेरकथा सापडणार नाही. एवढे पाहून अकरापर्यंत सावलीत यावे. तिथे आणखी दहा इमारती आहेत, पण त्या सोडून दिल्याने काही बिघडत नाही.

आता दुसरी बाजू. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता थेट मांडवीच्या धक्क्यावर जातो. तिथून फेरीबोटीने दहा मिनिटांत दिवाड बेट. कदंब राजांचे दैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे देऊळ या बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडले आणि भक्तांनी लिंग नदीपार डिचोली भागातल्या नार्वे गावी नेले. दिवाडहून नार्व्यालाही फेरी आहे. म्हणजे देव ज्या वाटेने गेला त्याच वाटेने आपल्यालाही जाता येते. नार्व्याच्या या देवळाच्या उभारणीची आज्ञा शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये दिली, तसा शिलालेख तिथे आहे. देऊळ लहान, दीपस्तंभ सडसडीत, भोवती झाडी. अलीकडे त्याचे जतनाचे काम होऊन २०२३मध्ये ते पुन्हा खुले झाले. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास शिकलेल्या मुलाला इथे आणावे. सकाळी पाहिलेली भव्य चर्चे आणि दुपारी पाहिलेले हे लहानसे देऊळ एकमेकांना उत्तरे देतात. सगळी फेरी अर्ध्या दिवसात होते.

मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा ही देवळे फोंड्यातच का एकवटली, हा प्रश्न दर्शनाला गेलेल्या किती कुटुंबांना पडतो? मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळोशीची, म्हाळसा वेर्ण्याची. ही गावे पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. फोंडा महाल हद्दीबाहेर होता आणि तो त्यांच्याकडे आला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोपर्यंत देवांना तिथे आश्रय मिळाला. एवढा संदर्भ गाडीत बसल्या बसल्या सांगितला तरी आजीचे देवदर्शन आणि नातवाचा इतिहास एकाच फेरीत होतो, वेगळा दिवस काढावा लागत नाही. या काळाला आणखीही एक पदर आहे. १५७९मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले, आणि ते १६१६मध्ये सासष्टीतल्या राशोल येथे छापले गेले. मराठी भाषेवर एवढे प्रेम करणारा माणूस आणि ती देवळे पाडणारी सत्ता एकाच जहाजमार्गाने आली. मुलांना दोन्ही सांगावे, एक सांगून दुसरे झाकू नये.

गोव्याला जाणे जमत नसेल तर मुंबई-ठाण्याच्या कुटुंबाला वसई एका दिवसात पाहता येते. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून हा मुलूख पोर्तुगिजांना मिळाला आणि मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. किल्ल्यात चर्चांचे सांगाडे उभे आहेत. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या कबरींच्या शिळा आहेत, त्यांवरून बोट फिरवत मुले नावे लावू शकतात. किल्ल्यात सोयी कमी आहेत. पाणी, टोपी आणि खाणे बरोबर न्यावे, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर वयस्करांना चढवू नये. वसईची दुसरी बाजू नाशकात वाजते. विजयानंतर चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या आणि नाशिकच्या पंचवटीतली प्रसिद्ध नारोशंकराची घंटा त्यांतलीच. तिच्यावर १७२१ हे साल आहे. वसई पाहिलेल्या मुलाला पुढे कधी गोदाकाठी ती घंटा दाखवली, तर त्याला दोन्ही जागा कायमच्या लक्षात राहतील.

अलिबागकडे जाणाऱ्यांनी रेवदंड्याचा कोट आणि खाडीपलीकडचे कोर्लई चुकवू नये. कोर्लईच्या किल्ल्याखाली ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिथले लोक घरात आजही पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली स्वतःची बोली बोलतात. १७४०मध्ये पोर्तुगीज इथून गेले आणि भाषा राहिली. तिथे गेल्यावर त्या लोकांना नमुन्यासारखे ‘बोलून दाखवा’ म्हणू नये. मासळी घ्यावी, सहज गप्पा माराव्यात, बोली आपसूक कानावर पडते.

दमणबद्दल थोडक्यात : वापीपासून जवळ, मोटी दमणचा कोट आणि त्यातले १६०३चे बॉम जेझस चर्च सुंदर, पण शनिवार-रविवारी गावावर दारूसाठी येणाऱ्यांची गर्दी असते. लहान मुले असतील तर आडवारी जावे. दीव जास्त शांत आणि मोठ्या किल्ल्याचे. पण तिथे पोचायला फार वेळ लागतो. सोमनाथ-गीरला जाणार असाल तरच जोडावे.

फोर्ट कोची हे माझ्या मते तीन पिढ्यांच्या कुटुंबासाठी सर्वांत सोपे शहर. रस्ते सपाट, सावली भरपूर, अंतरे लहान, आणि पाण्यावरून जाण्याची मजा. एर्नाकुलमहून साधी फेरी असते आणि आता वॉटर मेट्रोही फोर्ट कोचीपर्यंत येते. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची पहिली कबर आहे. तो १५२४मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत मेला आणि काही वर्षांनी त्याचे अवशेष लिस्बनला नेले. किनाऱ्यावरची चिनी जाळी मुलांना तासभर खिळवून ठेवतात. लाकडी ओंडक्याच्या एका टोकाला जाळे आणि दुसऱ्या टोकाला दोरांना लटकवलेले मोठमोठे दगड. चार-सहा माणसे दोर ओढतात, एकेक दगड जमिनीला टेकतो आणि जाळे पाण्याबाहेर येते. वजनाचा तोल विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा इथे चांगला समजतो. विचारले तर कोळी दोराला हातही लावू देतात. त्या वेळेचे त्यांना काही पैसे द्यावेत, मासळी फारशी मिळत नाही.

मट्टनचेरी तिथून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. ‘डच पॅलेस’ म्हणतात तो वाडा सोळाव्या शतकाच्या मध्याला पोर्तुगिजांनी कोचीच्या राजाला बांधून दिला आणि पुढे डचांनी दुरुस्त केला. आतली रामायणाची भित्तिचित्रे आजीला दाखवायलाच हवीत. १५६८चे परदेशी सिनेगॉग शनिवारी बंद असते आणि शुक्रवारी दुपारनंतरही, तेव्हा वार पाहून जावे. आणि मग बहुतेक पर्यटक जिथे जात नाहीत तिकडे, चेरलाई भागात, तिरुमल देवस्वम देवळाकडे वळावे. गोव्यातून धर्मांतराच्या भीतीने निघालेल्या सारस्वतांनी समुद्रमार्गे येऊन इथे वस्ती केली. आजही या गल्ल्यांत कोकणी कानावर पडते आणि दाळितोय म्हणजे कोकणी वरण जेवायला मिळते. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. त्याचा पहिला खंड १६७८मध्ये आम्सटरडॅमला निघाला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीच्या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र आहे. गोव्याहून आलेल्या निर्वासितांचे ज्ञान शतकभरात युरोपच्या ग्रंथालयांत जाऊन बसले! गोवा आधी आणि कोची नंतर, अशा क्रमाने दोन सहली केल्या तर ही कथा पूर्ण होते.

पुदुच्चेरीला फ्रेंच १६७४पासून होते. मुलांना सांगण्याजोगे असे की आज दिसणारे शहर पुन्हा बांधलेले आहे. १७६१मध्ये इंग्रजांनी ते वेढा घालून जिंकले आणि जमीनदोस्त केले. मधून कालवा जातो. समुद्राकडची बाजू गोऱ्यांची आणि पलीकडची तमिळांची, अशी उघड फाळणी होती. पर्यटक समुद्राकडच्या बाजूला छायाचित्रे काढतात आणि थांबतात. कालवा ओलांडावा. तमिळ घरांचे रस्त्याकडेचे तिण्णै म्हणजे आपल्या ओसरीसारखे ओटे पाहावेत, केळीच्या पानावर जेवावे, आणि फ्रेंच गव्हर्नर द्युप्लेचा दुभाष्या आनंद रंग पिळ्ळै याचा वाडा बाहेरून तरी बघावा. त्याची रोजनिशी त्या काळाच्या इतिहासाचे मोठे साधन आहे. संध्याकाळी समुद्राकाठचा रस्ता वाहनांना बंद होतो, तेव्हा आजोबांना हात धरून चालायला याहून चांगली जागा नाही.

मराठी कुटुंबाने इथे एक दिवस जिंजीला द्यावा. पुदुच्चेरीहून ती साधारण सत्तर किलोमीटरवर आहे. शिवाजी महाराजांनी १६७७मध्ये हा किल्ला घेतला आणि रायगड पडल्यावर राजाराम महाराजांनी १६९८पर्यंत इथूनच राज्य चालवले. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी. राजगिरीची चढण कठीण आहे. वयस्करांनी खाली कल्याणमहालाच्या आवारात थांबावे, तेवढ्यातही किल्ल्याचा आवाका कळतो. ज्यांना दोन दिवस जास्त काढता येतील त्यांनी दक्षिणेला तरंगंबाडीचा १६२०चा डॅनिश किल्ला पाहून तंजावरला जावे. तंजावरच्या सरफोजीराजांचे शिक्षण श्वार्ट्झ या तरंगंबाडीच्या मिशनमधून आलेल्या पाद्र्याच्या देखरेखीखाली झाले. तिथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, आणि वाचता येणारी मराठी अक्षरे इतक्या दूर दगडावर भेटली की घरातल्या प्रत्येकाचे पाय थबकतात.

हुगळीकाठच्या गावांकडे मराठी पर्यटक जवळजवळ फिरकत नाहीत, आणि हे मला मनापासून खटकते. हावडा ते बंडेल या एका लोकल मार्गावर डॅनिश श्रीरामपूर, फ्रेंच चंदननगर, डच चुंचुडा आणि पोर्तुगीज बंडेल अशी चार राष्ट्रांची ठाणी ओळीने लागतात. कोलकात्यात मुक्काम करून एका दिवसात दोन गावे आरामात होतात. त्यांतले श्रीरामपूर मराठी वाचकाने बघायलाच हवे. मिशनरी विल्यम कॅरीने इथल्या छापखान्यातून १८०५मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१०मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. कोशासाठी मोडीचे ठसे पाडले गेले, आणि या कामात वैजनाथ पंडित त्याच्या मदतीला होते. मराठी मुद्रणाच्या इतिहासातले हे सुरुवातीचे ठळक टप्पे मुंबई-पुण्यात नव्हे, डेन्मार्कने वसवलेल्या या गावात घडले. कॅरीची कबर तिथेच आहे, कॉलेजही आहे, आणि सेंट ओलाव्ह चर्च अलीकडे सुरेख दुरुस्त झाले आहे. त्याच बंगालमध्ये १७४०च्या दशकातल्या नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांमुळे ‘बर्गी’ म्हणजे मराठे स्वार अजून भीतीचे नाव आहे. मुलांना हेही कळू द्यावे की दुसऱ्यांच्या आठवणीत आपण नेहमी नायकच असतो असे नाही.

अमेरिकेतल्या लेकाकडे, मुलीकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या वाट्याला वॉशिंग्टनहून एकदा तरी व्हर्जिनियातले विल्यम्सबर्ग येते. १९२६नंतर रॉकफेलरच्या पैशाने या जुन्या राजधानीची पुनर्रचना झाली. अठराव्या शतकातला लोहार, मुद्रक, न्यायालय असे सगळे जिवंत करून दाखवतात आणि नातवंडे खूश असतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. त्या गावाची निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची, बहुतांशी गुलामांची होती, आणि कितीतरी वर्षे हे तिथे सांगितलेच जात नव्हते. १९७९पासून त्यांची बाजू मांडणारे कार्यक्रम सुरू झाले आणि आता ते भेटीचा मुख्य भाग आहेत. आपल्याकडच्या शहरांत अशी व्यवस्था अजून फार थोडी आहे, म्हणून ती भर सहल आखणाऱ्यालाच घालावी लागते.

हंगामाबाबत एक ठळक सूचना. दिवाळीच्या सुट्टीत पुदुच्चेरी-तरंगंबाडीला जाऊ नये. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तिकडे ईशान्य मोसमी पावसाचा जोर असतो आणि वादळेही याच काळात येतात. तिकडे जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, मे महिना भाजून काढणारा. कोचीलाही ऑक्टोबरात पाऊस असतो, पण तो बहुधा दुपारनंतर पडून जातो. गोव्याला दिवाळी छान. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर नरकासुराचे भले मोठे पुतळे उभे राहतात आणि पहाटे जाळले जातात, मुलांना ते दाखवावेच. ३ डिसेंबरला झेवियरचे फेस्त असते, त्याच्या आधीचे नऊ दिवस जुन्या गोव्यात मोठी गर्दी असते. ती अनुभवायची असेल तर जावे, इमारती बघायच्या असतील तर टाळावे. नाताळ ते नववर्ष हा आठवडा कुटुंबाने सोडलेलाच बरा, खोल्यांचे दर तेव्हा कितीतरी पटीने चढतात.

खर्चात एका बाबतीत हात आखडू नये : मुक्काम जुन्या वस्तीतच असावा. लांबच्या स्वस्त हॉटेलात राहून रोज टॅक्सी केली की, विशेषतः गोव्यात, वाचवलेले पैसे तिथेच जातात. शिवाय दुपारी बारा ते चार सगळ्यांना खोलीवर परत येता आले नाही, तर संध्याकाळपर्यंत आजी आणि धाकटे नातवंड दोघेही थकून चिडलेले असतात. खोली तळमजल्यावर मागावी. जुन्या घरांचे लाकडी जिने उभे आणि अरुंद असतात. पुरातत्त्व खात्याची संग्रहालये शुक्रवारी बंद असतात. चर्च असो वा देऊळ, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. खाण्याची चिंता मराठी शाकाहारी कुटुंबे उगाच करतात. गोव्यात ‘शिवराक’ जेवण मागितले की मिळते, आणि सकाळची पातळभाजी-पाव ही कोणालाही आवडणारी न्याहारी आहे.

एक कळकळीची विनंती. फोंताईन्हासमध्ये लोक राहतात. त्यांच्या ओट्यावर चढून, दाराला टेकून, खिडकीत डोकावून छायाचित्रे काढणाऱ्यांमुळे तिथले रहिवासी इतके वैतागले आहेत की अनेक घरांवर मनाईच्या पाट्या लागल्या आहेत. आपल्या वाड्यात कोणी असे घुसले तर आपल्याला कसे वाटेल, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगावे. रंग बघावेत, आवाज खाली ठेवावा, आणि एखाद्या घराचा फोटो हवाच असेल तर विचारून घ्यावा.

पहिल्यांदाच जाणार असाल तर मी निःशंकपणे पणजी सुचवीन : तीन रात्री, एक सकाळ जुन्या गोव्याला, एक दुपार दिवाड-नार्व्याला, एक दिवस फोंड्याच्या देवळांना, आणि उरलेला वेळ मोकळा. कोकण रेल्वेचे करमळी स्थानक जुन्या गोव्याला लागूनच आहे, तिथे उतरावे. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे दिवाळीला निघायचे असेल तर गणपतीतच, सगळे घरी जमलेले असताना, तारीख पक्की करून टाका.